स्ट्रॅटेजीतला जुना निष्कर्ष पुन्हा कसा तपासायचा: नव्या संशोधकांसाठी

स्ट्रॅटेजी संशोधनात, म्हणजे कंपन्यांच्या व्यूहरचनेच्या अभ्यासात, नव्याने आलेल्याला सगळे एकच विचारतात: तुझं नवीन योगदान काय? या प्रश्नाच्या धाकाने एक साधी गोष्ट मागे पडते. ज्या निष्कर्षांवर आपण आपलं गृहीतक उभं करणार, ते मुळात पक्के आहेत का, हे बघायचं राहून जातं. माझं ठाम मत आहे की पहिला स्वतंत्र अभ्यास पुनर्पडताळणीचा असावा. डेटा हाताळणं, मोजमापातल्या खाचाखोचा, संख्याशास्त्र आणि दुसऱ्याचं लिखाण ओळ न ओळ वाचणं, हे सगळं त्यात एकदम शिकायला मिळतं. शिवाय जे हाती लागतं त्याची या क्षेत्राला खरोखर गरज असते.

ती गरज किती आहे ते पाहा. बर्ग, शार्प, अगिनिस आणि ली यांनी २०१७ मध्ये स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नलमधले ८८ लेख घेतले आणि लेखांत दिलेल्या माहितीवरूनच त्यांचे निकाल पुन्हा काढून पाहिले. सुमारे ७० टक्के लेखांत असं करता येण्याइतकी माहितीच नव्हती. ज्यांचं गणित पुन्हा करता आलं, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लेखांत सार्थक (निव्वळ योगायोगाने सहसा न येणारी) म्हणून मांडलेली गृहीतकं दुसऱ्या खेपेला सार्थक राहिली नाहीत. त्याआधी २०१६ मध्ये गोल्डफार्ब आणि किंग यांनी ३०० लेखांवरून अंदाज बांधला होता: तेच अभ्यास पुन्हा केले, तर २४ ते ४० टक्के सार्थक सहगुणक (एका चलाचा दुसऱ्यावरचा परिणाम दाखवणारे आकडे) सार्थक उरणार नाहीत. यावरून कोणाला लबाड ठरवायची गरज नाही. लहान नमुना, एकाच डेटावर चालवून पाहिलेली दहा मॉडेल्स आणि चांदण्या (तक्त्यातली सार्थकतेची खूण) मिळालेलेच निकाल छापायची सवय, एवढ्यानेही हे घडतं.

आधी ठरवा: नेमकं काय पुन्हा करणार?

पुनर्पडताळणी या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी चालतात, आणि त्यांची गल्लत हीच नवख्यांची सर्वांत मोठी अडचण असते. त्सांग आणि क्वान यांनी १९९९ मध्ये केलेली मांडणी मला अजूनही सगळ्यांत उपयोगी वाटते. दोन प्रश्न विचारायचे. डेटा कोणता: तोच, त्याच समूहातून नव्याने घेतलेला, की वेगळ्याच समूहातला? आणि मोजमाप व विश्लेषण कसं: मूळ लेखात होतं तसंच, की बदललेलं? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून सहा प्रकार तयार होतात.

तोच डेटा आणि तीच पद्धत घेतली, तर फक्त गणित आणि कोड बरोबर होता का एवढंच कळतं. तोच डेटा पण वेगळी पद्धत घेतली, तर निकाल त्या एका मॉडेलवर किती अवलंबून होता ते दिसतं. त्याच समूहातून नवा नमुना घेऊन तीच पद्धत वापरली, तर मूळ निकाल योगायोगाचा होता का, हा प्रश्न सुटतो. वेगळ्या उद्योगात, देशात किंवा काळात तीच पद्धत लावली, तर निष्कर्षाची हद्द कुठपर्यंत आहे ते समजतं. डेटा आणि पद्धत दोन्ही बदलली, तर ते विस्ताराचं काम झालं. त्यात निकाल वेगळा आला तर मूळ निष्कर्ष चुकीचा होता असं म्हणता येत नाही, कारण फरक कशामुळे पडला हे सांगायला तुमच्याकडे काहीच नसतं.

म्हणून नवख्यांनी पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी आणि एकेक पायरी बाहेर जावं. ‘तेच पण दुसऱ्या देशात’ असा थेट उडी मारणारा अभ्यास मोहात पाडतो, कारण तो नवीन दिसतो. निकाल जुळला नाही की मात्र त्याचं काय करायचं हे कोणालाच समजत नाही.

पेपर निवडताना

गाजलेला पेपर घ्या, पण एवढा गाजलेला नको की त्यावर आधीच दहा जणांनी काम केलंय. उद्धरणं भरपूर, थेट तपासणी मात्र कोणी केलेली नाही, असा लेख उत्तम. त्याचा मुख्य दावा एका वाक्यात सांगता यायला हवा: अमुक वाढलं की तमुक वाढतं, अमुक परिस्थितीत जास्त वाढतं. डेटा तुमच्या आवाक्यातला हवा. कंपन्यांच्या आर्थिक आकड्यांचा कम्प्युस्टॅटसारखा सशुल्क डेटाबेस तुमच्या संस्थेकडे आहे का, आणि त्यातले लेखाने वापरलेले भाग वर्गणीत येतात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मुलाखतींतून किंवा गोपनीय कंपनी-डेटावरून केलेले अभ्यास महत्त्वाचे असतात, पण पहिल्या प्रयत्नासाठी ते नकोत.

आणखी एक निकष: निकाल उलटला किंवा टिकला, दोन्ही बाजूंनी कोणाला तरी फरक पडायला हवा. ‘हे चुकीचं असावं’ असा वास आला म्हणून निवडलेला पेपर तपासताना आपली नजर वाकडी होते. निकाल टिकला तर आनंद होईल असाच पेपर घ्यावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

डेटाआधी पेपरच तपासा

डेटा मिळायला वेळ लागतो, पेपर मात्र समोरच असतो. त्यातले आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. समजा तक्त्यात सहगुणक ०.१२ आहे, प्रमाण त्रुटी (तो अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) ०.०८ आहे आणि शेजारी ५ टक्के पातळीची चांदणी आहे. सहगुणकाला त्रुटीने भागलं तर १.५ येतो, म्हणजे पी-मूल्य (खरा परिणाम शून्य असताना एवढा मोठा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) साधारण ०.१३. इथे थांबून लगेच ‘चूक सापडली’ म्हणायचं नाही. दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन झालंय, तेव्हा लेखकांना जास्तीत जास्त झुकतं माप देऊन बघा: सहगुणक ०.१२५ आणि त्रुटी ०.०७५ धरली तरी भागाकार १.६७ च्या आसपास जातो. ५ टक्क्यांसाठी १.९६ हवा. आता तुमच्याकडे खरा प्रश्न आहे. चाचणी एकतर्फी होती का? कंसातला आकडा प्रमाण त्रुटीचाच होता की टी-मूल्याचा? तळटीप पुन्हा वाचा. बरेचदा उत्तर तिथेच मिळतं.

सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंधांचा पूर्ण तक्ता दिला असेल, तर साधं रिग्रेशन मूळ डेटाशिवायही पुन्हा करता येतं. बर्ग आणि सहकाऱ्यांनी हाच रस्ता वापरला. फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक कंपनीचा कायमचा वेगळेपणा वजा करणारं) किंवा लॉजिट (हो-नाही अशा निकालासाठीचं) मॉडेल असेल तर ही सोय नाही. तिथे निदान नमुन्याची संख्या सगळ्या तक्त्यांत सारखी आहे का, आणि नसेल तर का नाही, एवढं तरी टिपून ठेवा.

मूळ लेखकांना पत्र

लवकर लिहा, थोडक्यात लिहा, आणि काय हवंय ते नेमकं सांगा. ‘तुमचा डेटा पाठवाल का’ असं मोघम पत्र बहुतेकदा अनुत्तरित राहतं. ‘तक्ता ३ मधल्या मॉडेल २ साठी वापरलेला कोड, आणि नमुन्यातल्या कंपन्यांचे ओळख क्रमांक व वर्षं मिळतील का, डेटाबेसची वर्गणी आमच्याकडे आहे’ असं लिहिलं, तर परवान्याची अडचण आपोआप दूर होते आणि समोरच्याचं कामही थोडक्यात आटोपतं. हेतू स्वच्छ सांगा: पुनर्पडताळणी करतोय, मसुदा छापण्याआधी तुम्हाला दाखवू.

अशा पत्रातून काय निघू शकतं याचं उदाहरण शेजारच्या अर्थशास्त्रात आहे. सार्वजनिक कर्ज आणि वाढ यांवरच्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या प्रसिद्ध निष्कर्षाची पुनर्पडताळणी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करत होता. आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांनी स्वतःची एक्सेल फाइल पाठवली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्याचं दिसलं. २०१३ मध्ये त्याने ॲश आणि पोलिन यांच्यासोबत हे मांडलं. काही वर्षं वगळण्याचे आणि भारांकनाचे प्रश्नही धरून, ९० टक्क्यांहून जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. फाइल पाठवणाऱ्या लेखकांनीही इथे संशोधकाचं कर्तव्य पार पाडलं, हे विसरू नये.

नमुना पुन्हा उभा करणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा. पेपरच्या पद्धती विभागात चार ओळींत उरकलेली गोष्ट प्रत्यक्षात पन्नास निर्णयांची असते. प्रत्येक निर्णयासाठी एका फाइलमध्ये तीन रकाने करा: लेखात काय लिहिलंय, मी काय केलं, आणि त्यानंतर किती नोंदी उरल्या. लेखात काहीच लिहिलेलं नसेल तर तेही लिहा. ही फाइल पुढे तुमच्या लेखाचं परिशिष्ट होते आणि रिव्ह्यूअरच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

समजा, लेखात १,८४२ कंपनी-वर्षं (एका कंपनीची एका वर्षाची एक नोंद) आहेत आणि तुमच्याकडे २,३१० आली. घाबरायचं कारण नाही, पण ४६८ चा फरक कुठून आला ते शोधल्याशिवाय पुढे जायचंही नाही. मी पुढच्या जागा याच क्रमाने तपासतो.

पहिली जागा संशोधन-विकास खर्चाची. बऱ्याच कंपन्यांच्या नोंदीत हा रकाना कोरा असतो. काही लेखक कोऱ्याच्या जागी शून्य भरतात, काही त्या नोंदी काढून टाकतात, आणि दोघेही ते सांगायला विसरतात. निवड क्षुल्लक नाही. कोह आणि रीब यांनी २०१५ मध्ये दाखवलं की रकाना कोरा ठेवणाऱ्या कंपन्यांना पेटंट मिळण्याचं प्रमाण शून्य नोंदवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे कोरं म्हणजे शून्य, हे गृहीत धरणंच डळमळीत आहे. दोन्ही प्रकारे संख्या काढून बघा, मूळ संख्येच्या जवळ कोणती जाते ते लगेच कळतं.

दुसरी, उद्योगाचा संकेतांक. कम्प्युस्टॅटमध्ये कंपनीच्या मुख्य नोंदीवर असलेला एसआयसी संकेतांक आजचा असतो, त्या वर्षीचा नाही. ऐतिहासिक संकेतांकाचा रकाना वेगळा आहे. वीस वर्षांपूर्वी उत्पादन करणारी आणि आज सेवा विकणारी कंपनी तुमच्या नमुन्यात चुकीच्या उद्योगात जाऊन बसते, आणि उद्योगाची सरासरी वजा करून काढलेला प्रत्येक आकडा बिघडतो.

तिसरी, मागच्या वर्षाचं मूल्य. ‘सर्व स्वतंत्र चल एक वर्ष मागे घेतले’ हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं. ते ओळीच्या क्रमाने घेतलं की वर्षाच्या क्रमाने, हा प्रश्न विचारा. एखाद्या कंपनीचं मधलं वर्ष गायब असेल, तर वरच्या ओळीतलं मूल्य दोन वर्षांपूर्वीचं असतं. कंपनी बदलते त्या ओळीवर तर दुसऱ्याच कंपनीचा आकडा येऊन पडतो.

मग सॉफ्टवेअरच्या सवयी. स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी नोंद कुठल्याही संख्येपेक्षा मोठी धरली जाते. त्यामुळे ‘पाचपेक्षा जास्त असेल तर १’ असा साधा कोड लिहिला की माहिती नसलेल्या सगळ्या कंपन्यांना १ मिळतो. तिथलीच रेगएचडीएफई आज्ञा आपल्या गटात एकट्या पडलेल्या नोंदी आपोआप वगळते, एक्सटीरेग तसं करत नाही. दोन माणसं एकच मॉडेल चालवतात आणि नोंदींची संख्या वेगळी येते, त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

मालमत्तेवरचा परतावा, म्हणजे आरओए, दिसतो साधा. पण वर निव्वळ नफा की परिचालन नफा, खाली वर्षअखेरची मालमत्ता की दोन वर्षांची सरासरी? टोकाची मूल्यं १ टक्क्यावर कापली की ५ वर, पूर्ण नमुन्यात कापली की प्रत्येक वर्षात वेगळी? डेटाबेस स्वतःही बदलत असतो. जुन्या वर्षांचे आकडे दुरुस्त होतात, नव्या कंपन्यांचा इतिहास मागाहून भरला जातो. म्हणून तुम्ही डेटा उतरवून घेतल्याची तारीख लिहून ठेवा आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका.

पहिला तक्ता जुळेपर्यंत पुढे जायचं नाही

रिग्रेशन चालवायची घाई प्रत्येकाला असते. आधी वर्णनात्मक तक्ता जुळवा: सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. सरासरी जुळते पण विचलन बरंच मोठं येतंय, तर टोकाची मूल्यं कापायची राहिली असतील. एकाच चलाचे सगळे सहसंबंध उलट चिन्हाचे येतायत, तर तो चल उलटा संकेतबद्ध झालाय. सगळे आकडे हजारपटीने मोठे असतील, तर एकक वेगळं आहे. रिग्रेशनचा तक्ता एवढा बोलका कधीच नसतो, कारण तिथे दहा चुका एकमेकींत मिसळून बाहेर येतात.

अगदी तंतोतंत जुळणं क्वचितच होतं. किती जवळ आलं म्हणजे पुरे, हे आधी ठरवून लिहा. कोड आणि डेटा दोन्ही मिळाले असतील तर मात्र आकडे जवळजवळ हुबेहूब यायला हवेत. मॅनेजमेंट सायन्स या जर्नलने २०१९ मध्ये कोड आणि डेटा उघड करण्याचं धोरण आणलं. त्यानंतर ७०० हून जास्त परीक्षकांच्या मदतीने जवळपास ५०० लेख तपासले गेले. नव्या धोरणाखालच्या ज्या लेखांचा डेटा हाती होता आणि संगणकाची अडचण नव्हती, त्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लेखांचे निकाल पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी पुन्हा काढता आले. डेटा न मिळालेले लेख मोजणीत धरले की हेच प्रमाण ६८ टक्क्यांवर येतं. अडतं ते बहुतेक डेटा मिळण्यापाशी.

यश कशाला म्हणायचं, हे आधी लिहा

नवा नमुना घेणार असाल, तर निकाल बघण्याआधी एक पान लिहा: मुख्य गृहीतक कोणतं, मुख्य मॉडेल कोणतं, आणि कोणता निकाल आला तर मूळ निष्कर्ष टिकला असं मी म्हणेन. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ते तारखेसह नोंदवता येतं. डेटा आधीच सार्वजनिक असला तरी हे पान लिहावं. स्वतःला बांधून घेण्याचा दुसरा मार्ग नाही.

नमुना किती मोठा हवा? इथे एक गोष्ट नवख्यांना धक्का देते. मूळ पी-मूल्य ०.०५ च्या जरासं खाली असेल आणि मूळ अंदाज अगदी खरा असेल, तरी तेवढ्याच नमुन्यावर पुन्हा सार्थक निकाल मिळण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. नाणं टाकण्यासारखीच ती गोष्ट. त्यात छापून आलेले परिणाम खऱ्यापेक्षा मोठे असण्याकडे कल असतो, कारण मोठे दिसले म्हणूनच ते गाळणीतून पार झाले. ०.१० सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे ७८० स्वतंत्र नोंदी लागतात. खरा सहसंबंध त्याच्या निम्मा असेल तर सुमारे ३,१०० लागतात. एकाच कंपनीची दहा वर्षं म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी नव्हेत, हेही धरा. सिमॉनसन यांनी २०१५ मध्ये सुचवलेला मूळच्या अडीचपट नमुन्याचा ठोकताळा सुरुवातीला पुरेसा आहे. तेवढा मिळणार नसेल तर दुसरा पेपर घ्या. लहान नमुन्यावरचा ‘टिकला नाही’ हा निकाल कोणालाच काही शिकवत नाही.

एका वेळी एकच बदल

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मूळ निकाल जुळला की एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतरचा सहगुणक शेजारी शेजारी लिहा. काळ वाढवला, तेवढाच. मग टोकाच्या मूल्यांची कापाकापी बदलली, तेवढीच. मग नियंत्रण चल, मग मोजमाप. या शिडीवर निकाल कुठल्या पायरीवर घसरतो, ते सांगणं हे तुमचं योगदान.

असं केल्याने काय हाती लागतं ते आपल्याच क्षेत्राच्या इतिहासात दिसतं. कंपनीचा नफा उद्योगामुळे ठरतो की कंपनीच्या स्वतःच्या गुणांमुळे, हा स्ट्रॅटेजीतला जुना वाद. श्मालेन्सी यांनी १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा १९७५ चा डेटा घेतला. परताव्यातल्या फरकांपैकी सुमारे २० टक्के उद्योगामुळे असल्याचं त्यांना आढळलं आणि कंपनीचा परिणाम दिसलाच नाही. रुमेल्ट यांनी १९९१ मध्ये तोच स्रोत घेतला, पण १९७४ ते १९७७ अशी चार वर्षं घेतली. बदल लहान वाटतो. परंतु एका वर्षाच्या डेटात एखाद्या व्यवसायाचं टिकाऊ वैशिष्ट्य आणि त्या वर्षीचा योगायोग वेगळे काढताच येत नाहीत. चार वर्षांत येतात. उत्तर पार बदललं: टिकाऊ उद्योग-परिणाम सुमारे ८ टक्के, आणि व्यवसाय-घटकाचा (कंपनीच्या एकेका व्यवसायाचा) स्वतःचा सुमारे ४६ टक्के.

मग १९९७ मध्ये मॅकगॅहन आणि पोर्टर यांनी कम्प्युस्टॅटवरून १९८१ ते १९९४ चा काळ घेतला. आधीचा डेटा फक्त उत्पादन क्षेत्राचा होता, यांच्यात सेवा उद्योगही आले. उद्योगाचा वाटा १९ टक्के आणि व्यवसाय-घटकाचा ३२ टक्के निघाला. उत्पादन क्षेत्राबाहेर उद्योगाचं वजन जास्त आहे, हे त्यातून पुढे आलं. या तिघांपैकी कोणाला खोटं ठरवायचं? कोणालाच नाही. प्रत्येक अभ्यासाने काय बदललं हे स्पष्ट असल्यामुळे प्रश्नच अधिक चांगला झाला.

मोजमाप बदलल्याने निकाल उलटण्याचं उदाहरणही आहे. बर्गर आणि ओफेक यांनी १९९५ मध्ये दाखवलं की अनेक व्यवसायांत पसरलेल्या कंपन्यांचं मूल्य सरासरी १३ ते १५ टक्क्यांनी कमी भरतं. हा आकडा कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या विभागवार माहितीवर उभा होता. विभाग कसे पाडायचे हे कंपनीच ठरवते. व्हियालोंगा यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागाचा, प्रत्येक आस्थापनेची नोंद असलेला डेटा घेतला आणि त्यावरून व्यवसाय-घटक नव्याने बांधले. पण आधी त्यांनी त्याच कंपन्यांच्या नमुन्यावर जुन्या मोजमापाने जुनाच निकाल काढून दाखवला. त्यानंतर फक्त मोजमाप बदललं, आणि तोट्याच्या जागी फायदा दिसला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जुना निकाल आधी हाती आला नसता, तर ‘तुमच्या कंपन्याच वेगळ्या आहेत’ असं म्हणून कोणीही तो लेख बाजूला ठेवला असता.

याच्या उलट धोकाही आहे. सदोष मोजमाप जसंच्या तसं वापरत राहिलं, तर निकाल पुन्हा पुन्हा तोच येतो आणि खोटा दिलासा मिळतो. बोमन यांनी १९८० मध्ये मांडलं की बऱ्याच उद्योगांत जास्त नफा मिळवणाऱ्या कंपन्यांची जोखीम कमी असते. नंतर सरासरी आणि विचरण (चढउताराचं माप) वापरून हे अनेकदा आढळलं. हेंकेल यांनी २००९ मध्ये दाखवलं की परताव्याचं वितरण डावीकडे झुकलेलं असेल, तर एवढ्यानेच सरासरी आणि विचरण यांत असा उलटा संबंध तयार होतो. म्हणून तुमच्या शिडीत निदान एक पायरी वेगळ्या मोजमापाची ठेवाच.

निकाल वाचताना

मूळ अभ्यासात सहगुणक ०.२० आणि प्रमाण त्रुटी ०.०८. तुमच्यात ०.१२ आणि ०.०७. पहिला सार्थक, दुसरा नाही. ‘पुनर्पडताळणी फसली’ असं लिहायला हात शिवशिवतो. थांबा, फरकाचीच चाचणी करा. फरक ०.०८, त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.११. म्हणजे दोन निकाल वेगळे आहेत असं म्हणायला आधारच नाही. दोन्ही अंदाज त्यांच्या विश्वास-अंतरालांसह (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) एकाच आलेखावर काढा, वाचकाला चित्र स्वच्छ दिसतं. स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नलने २०१६ पासून सार्थकतेच्या ठरावीक रेषांचा उल्लेख करणारे लेख घेणं थांबवलं, आणि त्याच वेळी पुनर्पडताळणीचे व शून्य निकालाचे लेख पाठवा असं आवाहनही केलं. चांदण्या मोजायची सवय मोडायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

आकाराकडेही बघा. सहगुणक टिकला, पण मूळच्या एक तृतीयांश झाला, तर व्यवस्थापकाच्या निर्णयाला त्याने काही फरक पडतो का? मूळ लेखाने केलेला दावा त्या आकाराचा होता का?

लॉजिट किंवा प्रॉबिटमध्ये दोन चलांच्या गुणाकाराचा सहगुणक असेल तर विशेष जपा. अशा मॉडेलमध्ये त्या सहगुणकाचं चिन्ह आणि सार्थकता सरळ वाचता येत नाही, हे आय आणि नॉर्टन यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं. उलट्या ‘यू’ आकाराच्या (आधी वाढ, मग घट) दाव्यांचंही तसंच. वर्गपद उणे आलं एवढ्यावर भागत नाही. वळणबिंदू डेटाच्या पट्ट्यात आहे का आणि दोन्ही टोकांना उतार खरंच उलट आहेत का, ते तपासावं लागतं. लिंड आणि मेलम यांची २०१० ची चाचणी त्यासाठीच आहे. मूळ लेखाने हे केलं नसेल तर ती पायरी शिडीत घाला, पण मूळ मॉडेल जुळवून झाल्यावरच.

लिहिणं आणि पाठवणं

भाषा साधी ठेवा. ‘मूळ लेखकांनी चूक केली’ आणि ‘लेखात सांगितलेल्या पद्धतीने आम्हाला हा आकडा मिळाला नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पुरावा बहुतेकदा दुसऱ्या वाक्यापुरताच असतो. शीर्षकात मूळ लेखकांची नावं नकोत, प्रश्न असावा.

मसुदा मूळ लेखकांना पाठवा आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्या. त्यांनी एखादा निर्णय समजावून सांगितला तर तो शिडीत नवी पायरी म्हणून घाला, आणि माहिती त्यांच्याकडून मिळाली असं नमूद करा. उत्तर आलंच नाही तर केव्हा विचारलं होतं एवढं लिहा, त्यावर टिप्पणी नको.

जर्नलकडे जाण्याआधी सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: मूळ डेटा उतरवण्याच्या सूचना, क्रमांक दिलेल्या कोडच्या फाइल्स, सॉफ्टवेअरची आवृत्ती, यादृच्छिक संख्यांचं बीज आणि ती तीन रकान्यांची निर्णय-फाइल. परवान्यामुळे डेटा देता येत नसेल, तर कंपन्यांचे ओळख क्रमांक आणि वर्षं देता येतील का ते डेटाबेसच्या अटींत बघा. मग हा फोल्डर तुमच्या अभ्यासाशी काही संबंध नसलेल्या सहकाऱ्याला द्या आणि त्याच्या संगणकावर, तुम्ही शेजारी न बसता, तक्ता १ पासून चालवायला सांगा. जिथे तो अडून तुम्हाला फोन करेल, ती ओळ सूचनांमध्ये घाला आणि पुन्हा चालवायला द्या.